आप्पांचा ओके

भैरूआप्पा रांजणगावच्या कंपनीत तीस वर्षं मालाच्या तपासणीला होते. गेज लावून मोजल्याशिवाय 'ओके' हा शब्द तिथं त्यांच्या तोंडून निघत नसे. सुपरवायझर डोक्यावर येऊन बसला तरी नाही. घरात मात्र तोच शब्द सढळ हातानं वाटायचे. चहा ओके, भाजी ओके, लेकीच्या, साधनाच्या लग्नाचा विषय निघाला तरी "ओके, बघू." घरातला ओके म्हणजे पुढं विचारू नका, हे साधनाला लहानपणापासून पाठ होतं.

त्या मंगळवारी सकाळी ते शिरूरच्या घराच्या पायरीवर बूट घालत बसले होते. जानेवारीची थंडी, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. डावा खांदा चोळत होते.

"आप्पा, काय होतंय?"

"ओके हाय."

"ओके काय? घाम बघा किती आलाय."

"मास्तरीणबाई, तुमची पोरं पेपरला येऊन बसली असतील. पळा."

दौंडच्या कॉलेजात तिला परीक्षेचं काम होतं. गाडी सव्वासातची. ती पळाली.

कंपनीची बस रांजणगावला पोचली, सगळे उतरले. आप्पा खिडकीला डोकं टेकून तसेच बसून राहिले.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आलेलं माणूस 'कसं झालं?' विचारणारच, आणि घरच्यांनी पहिल्यापासून सगळं सांगायचं, अशी रीत. साधनाची आई, सगुणाबाई सांगायच्या. दर वेळी शेवट तोच: "मी आतनं इचारलं व्हतं. ओके म्हनले. आन् मी येडी, भाकरी थापत बसले."

ते कानावर आलं की साधना उठायची. धुतलेले कप पुन्हा धुवायची. चपला ओळीनं लावायची. दारापर्यंत जायची, परत यायची. रात्री पुस्तक उघडलं तर एकच पान चारदा वाचायची.

नवव्या दिवशी खुटबावची नीलममावशी आली. कंपनीतले आप्पांच्या बरोबरीचे हौसरावही आले.

"भैरूदादानं कवा खोटा ओके दिला न्हाई," हौसराव म्हणाले. "मॅनेजर म्हनला, आजच्या दिस माल सोडा की. दादा म्हनले, मग सही तुमीच करा सायेब, माजा हात दुकतोय."

बायका डोळे पुसता पुसता हसल्या. मावशी मात्र बहिणीकडं वळली. "पर अक्का, बायकूला तरी कळाया पायजे व्हतं गं."

सगुणाबाईंनी मान हलवली. "व्हय. माझंच चुकलं."

साधनानं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"आई, तू आत होतीस. तुला काही दिसलं नाही. मला दिसलं होतं. भिजलेला शर्ट, खांदा, सगळं. ते खोटं बोलतायत हे मला कळलं होतं, आई. थांबले असते तर गाडी चुकली असती. म्हणून मी गेले."