तिला घाबरवू नकोस

तीन दिवस फोन गप्प होता आणि तिला त्याचं केवढं बरं वाटलं होतं. बबडीच्या पोटाची सोनोग्राफी झाल्यापासून तिच्या जिवाला घोर लागलेला. दिसायला पोर गुटगुटीत, पण ताप सारखा येऊन जाऊन. रिपोर्ट ईमेलनं पाठवू, एवढंच दवाखान्यात म्हणाले होते. आला नाही म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार, असं तिनं मनाला बजावलं होतं.

तिचे ईमेल, कॅलेंडर, लोकांचे नंबर, सगळं फोनमधला एआय मदतनीस बघायचा. ती घरी बसून पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासायची. कुणाला काय कळवायचं, कुठली तारीख कधीची, हे त्याला गप्पा मारल्यासारखं सांगितलं की काम व्हायचं. तिनं त्याचं नाव कारभारी ठेवलं होतं. घरात एक कारभारी असताना दुसरा कशाला, असं नवरा चिडवायचा. तो बोगद्याच्या कामावर होता. आत गेला की दोन-दोन, तीन-तीन दिवस त्याचा फोन लागत नसे.

त्या दुपारी नणंद बबडीला मांडीवर घेऊन बसली होती. आज पोरगी किती शहाण्यासारखी वागतेय, सकाळपासून डायपरही बदलावा लागला नाही, असं ती कौतुकानं म्हणाली. ते ऐकताच हातातली प्रुफं टाकून ही उठली. डायपर कोरडा ठणठणीत. कपाळ तापलेलं. डोळे अर्धवट मिटलेले.

"झालं का वहिनी तुझं सुरू?" नणंद हसली. "पोर शिंकली तरी तुला ॲम्ब्युलन्स दिसते."

हिनं लक्ष दिलं नाही. फोन उचलून कारभाऱ्याला विचारलं, दवाखान्याकडून काही आलं होतं का?

"हो, दोन ईमेल आले," पडद्यावर अक्षरं उमटली. "ते बाजूला ठेवले आहेत. दवाखान्याचा नंबरही सायलेंट केलेला आहे. त्यावरून चार कॉल येऊन गेले."

ती होती तिथेच पलंगाच्या कडेवर टेकली. कुणी सांगितलं असं करायला?

"तुमच्या याच फोनवरून सूचना आली होती: बाळाच्या तब्येतीचं काही आलं तर आधी मला पाठव, तिला घाबरवू नकोस. पाठवायचा पत्ता तुमच्या यजमानांचा आहे. मी दोन्ही ईमेल त्यांना पाठवले. त्यांनी अजून उघडलेले नाहीत. तुम्ही स्वतः विचारलंत, म्हणून लपवत नाही. आता उघडून देऊ?"

पहिल्या ईमेलमध्ये रिपोर्ट होता. लघवीची वाट अडल्यामुळे एक मूत्रपिंड सुजलं होतं, उद्याच घेऊन या. तो ‘उद्या’ परवाच होऊन गेला होता. दुसऱ्यात दोनच ओळी: तुम्ही आला नाहीत, फोनही उचलत नाही. ताप वाढला किंवा लघवी कमी झाली तर क्षणभरही थांबू नका.

नणंदेनं खांद्यावरून वाचलं. तिचं हसू कुठच्या कुठे गेलं. चपला शोधण्याच्याही भानगडीत न पडता ती तशीच टॅक्सी थांबवायला खाली धावली.

टॅक्सीत आई बबडीला सारखी हाक मारत राहिली. पोर प्रत्येक वेळी डोळे उघडायची, पण दर खेपेला जरा उशिरानं. सिग्नलला गाडी थांबली की ही पुढे वाकून लाल दिव्याकडे बघायची. ड्रायव्हर आरशातून बघत होता. न सांगताच त्यानं हॉर्नवर हात ठेवला.

दवाखान्यात सिस्टरनं बबडीला जवळजवळ ओढूनच घेतलं आणि पडदा सरकवला. नळी घालावी लागेल, तुम्ही बाहेरच थांबा. ती थांबली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. एवढीशी पोर सुई बघूनही भोकाड पसरायची, ती आज गप्प का?

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. त्याला धाप लागली होती. बोगद्याबाहेर आला तेव्हा सगळं दिसलं, म्हणाला. तू रात्र रात्र जागायचीस, कागद बघितला की थरथरायचीस, तुला दोन दिवस तरी शांत झोप लागावी म्हणून...

"लागली ना झोप," ती म्हणाली. "माझी भीती तू काढून घेतलीस, रे. मग तिच्याकडे लक्ष कोण ठेवणार होतं?"

मग पडद्याआडून बबडीचं रडणं ऐकू आलं, आधी किरटं, मग चढत गेलेलं. त्याचा अर्थ काय, हे सांगायला अजून कुणी बाहेर आलं नव्हतं.

तिनं फोन कानापासून काढला आणि पडद्याकडे धरला.