भिंत कापण्याऐवजी लावलेला आरसा

मित्रांनो, खांबावर टांगलेला, तोंडावर तडा घेतलेला मी एक जुना फुगीर आरसा आहे. वळणापलीकडची वाहनं दिसावीत म्हणून कारखान्यात माझं पोट मुद्दाम फुगवलं.

आमची गल्ली पूर्वी शेवटाला बंद होती. मग कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि ती हमरस्त्याला जोडली. पदपथ खरवडून काढला. टेंपो सुसाट धावू लागले. कोपऱ्यावर निवृत्त मास्तरांची उंच भिंत होती, तिच्यामुळे पलीकडचं काही दिसेना.

रस्त्याचा अभियंता म्हणाला, "मास्तर, भिंतीचा कोपरा चार फूट कापू द्या."

"एक वीट हलवायची नाही!" मास्तर गरजले.

"बरं बाबा, आरसा लावतो मग."

झालं! भिंतीचं पाप माझ्या गळ्यात पडलं.

आठवड्याभरात एक स्कूटरवाला टेंपोखाली आला. डोकं फुटलं, दात रस्त्यावर सांडले. मग पोस्टमनच्या मांडीचं हाड विजारीतून बाहेर आलं. दर अपघातानंतर लोक एकमेकांची गचांडी धरायचे आणि काठीने मला आपापल्या फाटकाकडे वळवून जायचे. अहो, मला तोंड एकच! एकाला दिसलं की दुसरा आंधळा.

मास्तरांची बायको, मास्तरीणबाई, तेवढ्या मायाळू. रोज सकाळी काठीला ओलं फडकं बांधून मला पुसायच्या, सरळ करायच्या. "दमलास का रे?" म्हणायच्या.

एका सकाळी गाडी काढायला मास्तरांनी मला आपल्या फाटकाकडे फिरवलं आणि तसंच सोडलं.

"अहो, सरळ करा की त्याला!" बाई ओरडल्या.

"आल्यावर बघू," म्हणत मास्तर निघून गेले.

बाई स्वतःच काठी घेऊन आल्या. काठी मला टेकली तोच टेंपो वळला. त्याला माझ्यात फक्त मास्तरांचं फाटक दिसलं. त्याने बाईंना माझ्याच खांबाशी चिरडलं. मी तडकलो. फडकं लाल झालं. बाई पुन्हा उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मास्तर पहार घेऊन भिंतीवर तुटून पडले. शेजारी म्हणाला, "मास्तर, मजूर बोलवा."

"मी बांधली, मीच पाडणार!"

तळहात सोलून रक्त निघालं, तरी ते थांबले नाहीत.

आता वळण थेट दिसतं. माझ्याकडे कुणी बघत नाही, फक्त मास्तर रोज येऊन मला पुसतात.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. कोपरे मोकळे करा, आणि तेही माणूस जिवंत आहे तोवर.