सहावी बॅटरी

पाचच बॅटऱ्या उतरल्या तेव्हा मी दुकानदाराला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. सहा सांगितल्या होत्या. तो बिचारा "बघून सांगतो, ताई" एवढंच म्हणत राहिला.

ऑर्डर भावाने दिली होती, पण हिशेब माझा होता, म्हणून पारा चढला. माझ्या धाकट्या भावाचं कार्टूनपटांचं काम. त्याची कॉम्प्युटर-मशीनं रात्रभर चित्रं तयार करत बसतात आणि मध्येच वीज गेली की सगळं पाण्यात. "ताई, तू वीज सांभाळ, मी चित्रं सांभाळतो. दोघांचा स्टुडिओ!" असं तो म्हणाला आणि मी सोलर कंपनीतली चांगली चालू नोकरी सोडली. पाच मशीनं त्याची, सहावं माझं. आवाज जुळवायचं काम मी त्यावर शिकत होते. रात्रीसाठी एका मशीनमागे एक बॅटरी, असा ढोबळ हिशेब पडत होता.

मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. डब्यावर छापलेल्या वॅटवर माझा काडीचा विश्वास नाही. प्रत्येक मशीन पूर्ण जोरात पळवून, मीटर लावून मी आकडे घेतले. धाकटा खुर्चीवर उलटा बसून बिस्किटं खात होता.

"ताई, ऊन दिवसाला तीनच तास धर."

"का रे गुंड्या? इथे काय बर्फ पडतो?"

"धर ना. कमी पडायला नको."

मला बरं वाटलं. जन्मात कधी छत्री घेऊन बाहेर न पडलेला मुलगा पुढचा विचार करायला लागला होता. मी तीन तास धरले. पॅनलांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली, आणि वर मी आईला फोन करून त्याचं कौतुकही केलं.

बॅटऱ्यांनंतर दोन दिवसांनी वेल्डर पॅनलचे सांगाडे घेऊन आला. गच्चीवर मांडलेले बघून माझं डोकंच सटकलं. शिडीसारखे उभे!

"काका, हे काय? इथे सूर्य डोक्यावरून जातो. इतकं उभं पॅनल काय समोरची भिंत बघत बसणार?"

"मला त्यातलं काय कळतं? साहेबांनी उतार सांगितला, तसा केला." वेल्डर घाम पुसत म्हणाला. "सांध्यांना वेल्डिंगही नको म्हणाले. सगळं नट-बोल्टवर. सुटं करून ट्रकमध्ये चढलं पाहिजे म्हणे."

मी टाकीच्या कठड्यावर बसले. इतकं उभं पॅनल लागतं ते उत्तरेकडच्या थंड मुलखात, जिथे हिवाळ्यात सूर्य फारसा वर चढत नाही. ऊनही तिथे तीनच तास. अशा एकाच शहराचा विषय आमच्या घरात निघायचा. धाकट्याचा जुना पार्टनर तिथे असतो. "बोलावतोय मला, पण मी काय वेडा आहे?" असं धाकटाच हसत सांगायचा. म्हणजे मी इतके दिवस माप काढत होते ते तिथल्या गच्चीचं.

खाली आले तेव्हा तो मशीनपाशीच होता. मी ओरडले नाही, याचं मलाच नवल वाटलं.

"कधी निघतोयस?"

त्याने वळून पाहिलं नाही. "सांगणारच होतो, ताई. तिथलं अजून पक्कं नव्हतं."

"माझी नोकरी पक्की होती."

मला रडू येत होतं आणि त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं. परक्याने असा गळा कापला असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. हा माझा भाऊ होता. तोंडातून निघालं ते मात्र कामाचंच; इतक्या वर्षांची खोड, दुसरं काय.

"मग हिशेब बदलेल. माझं मशीन इथेच राहणार. ते वगळलं तर एक बॅटरी कमी लागेल."

त्याची नजर कोपऱ्यातल्या बॅटऱ्यांकडे गेली. मग माझीही.

"ते मी ऑर्डर देतानाच वगळलं होतं," तो म्हणाला.