सतरावी चौकट

सगळे माझ्या नावाने खडे फोडतात, फोडू देत. काय झालं ते मीच सांगते.

मी माधवी. डब्लिनच्या टॅला भागात एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, भरवते. आमच्या मराठी मंडळात माझ्यासारखे एक्केचाळीस जण होते, केअरवाले, किचनवाले, सफाईवाले. आम्ही 'सहयोगी सभासद'. गणपतीला तीनशे माणसांचा स्वयंपाक आम्ही करायचा, खुर्च्या आम्ही लावायच्या, पण सभेत मत द्यायचं नाही. मत फक्त 'कायम' सभासदांना, आणि कायम व्हायला पदवी हवी. एकदा सभेत मी भाबडेपणाने हात वर केला, तर अध्यक्ष डॉक्टर अंबरीश माइकवरून म्हणाले, "अगं माधवी, हात खाली. जरा चहाचं बघतेस का?" अख्खा हॉल हसला. मी गेले आणि चहाचं बघितलं. या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

मग आम्ही उठलो. नरेश, सिटीवेस्टच्या एका हॉटेलात शेफ आहे, तो म्हणाला, "ताई, मत नाही तर मोदक नाही." एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सह्या झाल्या. आईशप्पथ, तो महिना काय मस्त होता! इंजिनियर मंडळी आम्हाला फोन करकरून विचारत होती, खरंच नाही का करणार?

आणि चतुर्थीच्या सकाळी आमच्याच नरेशचा पाय घसरला. "आपलं भांडण डॉक्टरशी. बाप्पाला कशाला उपाशी ठेवायचं? नैवेद्यापुरते एकवीस करतो," म्हणाला. डॉक्टरने त्या एकवीस मोदकांचा फोटो ग्रुपवर टाकला, 'सहयोगींचं प्रेम!' झालं. संप मिटला असं समजून एकेक जण पदर खोचून आला. दुपारी मीसुद्धा उकड मळत होते. पुढच्या सभेत आमचा ठराव आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या भावना पोचल्या. नोंद घेतली आहे. पुढचा विषय, पार्किंग."

चळवळ तिथेच संपली. माझा राग मात्र संपला नाही.

दीड वर्षाने तेच डॉक्टर हातात पत्रकं घेऊन माझ्या दारात. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते. "माधवीताई," म्हणाले. ताई! "इथे कौन्सिलला आयरिश पासपोर्ट लागत नाही, राहणाऱ्या प्रत्येकाला मत आहे. तुमची बावीस मतं याच वॉर्डात आहेत ना?"

"आणि आमचं मंडळातलं मत?"

"आधी निवडून तर येऊ द्या. मग बघू."

"अहो, हे काय सांगणं झालं? घरचंच कार्य!" मी म्हटलं आणि आलं घालून चहा दिला.

इथली मतपत्रिका वेगळी असते. सतरा नावं, प्रत्येकापुढे चौकट. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन लिहीत जायचं. तुमचा एक नंबरवाला बाद झाला की मत दोन नंबरकडे सरकतं, तोही नसला तर तीनकडे. हवं तिथे थांबता येतं. मी बाविसांना घरी बसवून शिकवलं, "एक नंबर आपल्या लायब्ररीत काम करणाऱ्या त्या बाई उभ्या आहेत ना, त्या लायब्ररीवाल्या बाईंना. मग सगळ्या चौकटी भरा. डॉक्टरची तेवढी कोरी सोडा. मोजताना दिसू दे कुणाचा हात आहे."

नरेश म्हणाला, "आणि तो 'परदेशी लोकांना परत पाठवा'वाला? त्यालाही?"

"सोळावा नंबर दे. तिथपर्यंत कोण पोचतंय?"

मोजणीला डॉक्टरने मला आपलं माणूस म्हणून पास दिला. मी कठड्याला टेकून दिवसभर बघत होते. बारा जण आधीच बाद झाले, दोघे निवडून आले, मग आमच्या लायब्ररीवाल्या बाई बाद झाल्या. एक जागा उरली आणि दोनच माणसं उरली, डॉक्टर आणि तो परत पाठवणारा. बाईंचा गठ्ठा सुटला. त्यात आमचे बावीस कागद. पहिल्यापासून पंधरापर्यंत कुणीच शिल्लक नव्हतं. बावीसच्या बावीस सोळाव्या नंबरावर गेले.

डॉक्टर चौदा मतांनी पडले. आम्ही फक्त एक नंबर लिहून थांबलो असतो, तरी ते आले असते.

तिकडे पलीकडची मंडळी झेंडे घेऊन नाचायला लागली. डॉक्टर पांढरेफटक पडले होते. कुणीतरी त्यांना त्या कोऱ्या चौकटींचं सांगितलं असावं. माझ्याजवळ आले. "माधवीताई, तुम्ही लोकांनी? मला सोडून त्याला? अहो, तो तुम्हालाही हाकलणार आहे. मला किती लागलंय, कल्पना आहे तुम्हाला?"

हा क्षण मी दीड वर्ष मनात घोळवला होता. म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या भावना पोचल्या. नोंद घेतली आहे."

मला इतकं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

बाहेर पडताना झेंडेवाल्यांतल्या एकाने मला वाट अडवून घरी जायला सांगितलं. कुठल्या घरी, ते मला कळलं. नरेश बसस्टॉपवर उभा होता. तो म्हणाला, "ताई, हे आपण काय करून बसलो?"

मी त्याच्यावर खेकसले, "एकवीस मोदक करताना विचारलं होतंस का हे?" तो रडायला लागला. मग बस आली आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या सीटवर बसलो.