झाकणाखालची गिरकी

"काका, थांबा! गाडी सुरू करू नका! आधी झाकण!"

बर्फकाका गाडीवर चढून बसले होते, किल्ली फिरवायचीच काय ती बाकी होती. समोर कठड्याला पाच-सहा मुली लोंबकळत होत्या आणि सगळ्यांची तोंडं एकदम चालू होती. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, "काय कटकट आहे," असं पुटपुटले आणि खाली उतरले. मनातून त्यांना हे फार आवडायचं. मुलींनी हाक मारली नसती, तर किल्ली सापडत नसल्याचं नाटक करत ते आणखी पाच मिनिटं तसेच बसून राहिले असते.

गेली बावीस वर्षं ते या स्केटिंगच्या रिंकवर बर्फाची गाडी चालवत होते. दर दीड तासानं मुली बाहेर निघाल्या की काकांची फेरी सुरू व्हायची. गाडीखालचं लांब पातं खरवडलेला बर्फ सोलून काढायचं, मागून गरम पाण्याचा पातळ थर पडायचा, आणि ओलं फडकं तो सारवत जायचं. दहा मिनिटांत बर्फ पुन्हा कोरा करकरीत. स्वतः काकांनी उभ्या जन्मात पायाला स्केट लावला नव्हता. ते रबरी बुटांवर चालायचे, तेही एक हात कठड्याला धरून. पण कोण कशी नाचली, हे त्यांना बर्फ पुसण्याआधीच कळायचं. मुलगी एका पायावर गिरकी घेते तेव्हा स्केटच्या पात्याची वर्तुळं उमटतात. गिरकी जागच्या जागी झाली की ती एकावर एक बसतात. मुलगी हलली की हीच वर्तुळं ओढलेल्या स्प्रिंगसारखी लांब पसरत जातात.

एकदा असंच कौतुकानं बघताना काकांनी जेवणाच्या डब्याचं झाकण त्या खुणेवर ठेवून पाहिलं होतं. सगळी वर्तुळं आत मावली. "पास!" काका ओरडले, आणि त्या दिवसापासून रिंकवर झाकणाची परीक्षा सुरू झाली. प्रशिक्षक मॅडम त्या परीक्षेला नाक मुरडायच्या. मुलींना मात्र मॅडमच्या शाबासकीपेक्षा काकांचं झाकण मोठं वाटायचं.

आजही काका एकेका खुणेपाशी जाऊन, कमरेवर हात ठेवून, "आई गं" म्हणत वाकत होते. "पास. पास. तू नापास, डावा खांदा पडतोय तुझा. पास." शेवटी ते कोपऱ्यात आले, आणि तिथं टिचकी उभी होती.

टिचकी म्हणजे रिंकवरची सगळ्यांत बुटकी मुलगी. वय चौदा, दिसायला दहाची. तिची आई दवाखान्यात नर्स होती, आणि पहाटे कामावर जाताना मुलीला इथं सोडून जायची. मधली जागा मोठ्या मुलींची, त्यामुळे टिचकीच्या वाट्याला भाड्याच्या शूजच्या खिडकीसमोरचा हा कोपराच यायचा. पण त्या कोपऱ्यात ती जे करायची, ते मधल्या एकीलाही जमत नव्हतं. मुली त्याला बांगडी म्हणायच्या. एका पायावर गिरकी घेता घेता टिचकी दुसरा पाय मागून वर आणायची, पाठ मागं वाकवत वाकवत डोक्यावरून त्या पायाचं पातं दोन्ही हातांनी धरायची, आणि अंगाची अशी गोल बांगडी होऊन फिरत राहायची. सुरुवातीला बर्फाचा खरखर आवाज यायचा. अंग आवळत गेलं की वेग वाढायचा आणि आवाज बारीक होत होत नुसता सुस्कारा उरायचा. त्या वेळी काका श्वास घ्यायचं विसरायचे. हाडं सगळ्यांना सारखीच दिलेली असताना या पोरीला देवानं आणखी काय दिलंय, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही.

काकांनी झाकण ठेवलं. चार वर्तुळं आत राहिली. बाकीची दाराच्या दिशेनं रांगेनं चालत गेली होती.

"परत?" टिचकीनं विचारलं.

"परत," काका म्हणाले. मग सवयीनं त्यांच्या तोंडून त्यांचं ठरलेलं वाक्य निघालं, "माझ्या बर्फात खोट नाही. खोट पायात."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा मॅडमना ऐकवलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. मॅडमनी बर्फाची तक्रार करायची आणि काकांनी हे वाक्य फेकायचं, असा दोघांचा शिरस्ताच पडला होता. मॅडमना ते ऐकून राग यायचा, म्हणून काकांना ते म्हणायला जास्तच मजा यायची. टिचकीला मात्र राग आला नाही. तिनं मान खाली घातली आणि ती बाकावर जाऊन बसली.

तेवढ्यात मॅडम आल्या. "हे बघ," त्या म्हणाल्या, "शनिवारी मला नाव कळवायचंय. आपल्याकडून एकच मुलगी जाणार मोठ्या स्पर्धेला. बांगडी एका जागी झाली तर तू. नाही झाली, तर बांगडी काढून टाकू, आणि मग तुझ्या नाचात दाखवण्यासारखं फारसं उरत नाही. स्पष्ट बोलते, राग मानू नकोस."

त्या गेल्यावर टिचकीनं एक पाय भिंतीला लावला आणि पाठ ताणायला लागली. ताणता ताणता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती थांबेना.

"अगं, पुरे! मोडशील!" काका धावले.

"माझी पाठच खराब आहे काका. आणखी वाकली तर होईल नीट. मी घरीही करते, रोज शंभर वेळा."

रुमाल द्यायला त्यांनी खिशात हात घातला तर हातात झाकणच आलं.

गुरुवारी मोठ्या मुलींच्या शाळेत परीक्षा होती. मधली जागा रिकामी होती. टिचकी बिचकत बिचकत तिथं गेली आणि तिनं बांगडी घेतली. काका झाकण घेऊन पोहोचले. वाकले. झाकण ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. एकही वर्तुळ बाहेर नव्हतं.

"पास?" टिचकीचा विश्वास बसेना.

"आता कोपऱ्यात घे बरं."

कोपऱ्यात घेतली. वर्तुळं निघाली दाराकडं. तोच पाय, तीच पाठ, मध्ये फक्त पाच मिनिटं गेलेली. गेले दोन महिने या पोरीच्या खुणा एकाच दिशेला जात होत्या, आणि रोज बघूनही त्यांच्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून बेअरिंगची एक गोळी काढली आणि कोपऱ्यात बर्फावर ठेवली. गोळी क्षणभर थांबली आणि मग दाराकडं चालू लागली, जणू तिला तिकडं काही काम होतं. काकांनी ती परत आणून ठेवली. ती परत गेली. मग ते चक्क पालथे झोपले आणि गाल बर्फाला लावून बघितलं. कठड्याजवळ बर्फ चांगला बोटभर उंच होता.

जेवणाच्या सुट्टीत ते शूजच्या खिडकीशी आले. भाड्याचे शूज देण्याघेण्याचं काम त्यांची बायको करायची. तिनं डबा उघडला होता. काकांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "कळत नाही, नेमका तिथंच कसा थर चढला? पाणी तर सगळीकडं सारखंच पडतं."

"सारखं कसं पडेल?" बायको म्हणाली. "तिथं तुमची स्वारी निघते ना."

"कसली स्वारी?"

"अहो, तिथं बाकावर मुली बूट बांधत बसतात. तुम्ही आलात की त्या सलाम ठोकतात. मग तुम्ही गाडी अशी हळू करता, हात असा वर करता, मान अशी डोलावता." तिनं हातात चमचा धरून तंतोतंत नक्कल केली. "राजे निघालेत आणि मागं पाण्याची धार चालूच."

काकांचा घास हातातच राहिला. एकेक फेरीला एकेक सलाम, आणि एकेका सलामाला पाण्याचा एकेक जास्तीचा थर. वर्षानुवर्षं. आणि त्या पोरीनं स्वतःच्या पाठीला दोष दिला होता.

"तुला हे दिसत होतं? मग बोलली का नाहीस?"

बायको डब्यात बघत म्हणाली, "मला वाटलं, मला बघून हळू करता."

एवढ्या वर्षांत त्या खिडकीकडं त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती, हे आता सांगायची काही सोय नव्हती. "तेही होतंच," ते म्हणाले. बायकोनं "राहू द्या," म्हणून त्यांच्या पानात भाजी वाढली, पण जरा जास्तच वाढली.

"आज रात्री गुपचूप खरवडून टाकतो," काका हळूच म्हणाले. "कुणाला कळायचं नाही."

"आणि त्या पोरीला काय वाटत राहील? की तिची पाठ आपोआप सुधारली? जा आणि मॅडमना सांगा."

"मॅडमना? त्या बाईला? ती मला आयुष्यभर ऐकवेल!"

"ऐकवू दे. ती पोर मागं वाकून डोक्यावरून पाय धरते, आणि तुमची मान चार बोटं पुढं झुकत नाही होय?"

मॅडम बर्फाच्या कडेला उभ्या होत्या. भोवती मुली होत्या, टिचकीही होती. काका रबरी बुटांनी फटक फटक करत आले. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"मॅडम, कोपऱ्यात उतार आहे."

"काय म्हणालात?"

"बर्फाला उतार आहे. माझ्यामुळे झालाय. पोरीच्या पायात काही नाही. पाठीतही नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बावीस वर्षं झाली, काका. मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा बघू."

काकांनी एकदा टिचकीकडं पाहिलं. मग छाती भरून, अगदी खिडकीतल्या बायकोलाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "खोट बर्फात होती! माझ्या बर्फात!"

आवाज सगळ्या रिंकवर घुमला. आधी एक मुलगी हसली, मग सगळ्याच, आणि मॅडम तर कठड्याला धरून हसायला लागल्या. टिचकी तेवढी हसली नाही. ती हळूच स्वतःच्या पाठीवरून हात फिरवत होती. बरेच दिवस रागावलेल्या माणसाची समजूत काढावी, तसा.

शुक्रवारी पहाटे पाचला काकांनी गाडी काढली. पाण्याचा नळ बंद ठेवला, पातं खाली घेतलं आणि नुसतं सोलत राहिले. सोलायचं, गोळी ठेवायची, परत सोलायचं. नऊच्या सुमारास गोळी ठेवल्या जागी बसून राहिली, तेव्हा काकांनी तिला दोन मिनिटं टक लावून पाहिलं, न जाणो, त्यांची नजर हटल्यावर निघायची.

शनिवारी टिचकी कोपऱ्यात उभी राहिली. हात पसरून एक मोठं वळण घेत आली, पाय रोवला, आणि गिरकी सुरू झाली. पाय मागून वर आला, पाठ वाकली, हातांनी पातं धरलं, तोंड वर दिव्यांकडं झालं. आवाज बारीक होत गेला. बांगडी फिरत राहिली, फिरत राहिली.

ती थांबली तेव्हा काकांनी खिशातून झाकण काढलं. कंबर धरली, "आई गं" म्हटलं, तर मॅडमनी हात पुढं केला.

"द्या इकडं."

मॅडम गुडघ्यावर बसल्या. झाकण ठेवलं. डोकं एका बाजूनं खाली नेऊन पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. मग काकांकडं बघत म्हणाल्या, "तुमचा काय तो शब्द आहे?"

"पास," काका म्हणाले.

टिचकी स्पर्धेला निघाली त्या दिवशी खिडकीशी आली. "काकू, एक मागू? झाकण नेऊ का? तिथल्या बर्फाचं मला काही माहीत नाही."

"ने," काकू म्हणाल्या. "तसंही यांनी ते घासून घासून डब्याला बसेनासं केलंय."

पुढच्या आठवड्यात काकांची फेरी नेहमीसारखीच चालू होती. कोपऱ्यात मुलींनी सलाम ठोकले. काकांनी समोर नजर ठेवून गाडी त्याच वेगात पुढं काढली. मात्र वळताना त्यांनी एकदा खिडकीकडं मान वळवली. बायको शूज पुसत होती. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी दोघं डबा समोर घेऊन बसली आणि बायकोनं स्पर्धा बघायला फोन उभा करून ठेवला. एवढ्याशा पडद्यावर टिचकी आणखीच एवढीशी दिसत होती. बांगडी आली तेव्हा काकांनी डोळे मिटले. "उघडा," बायको म्हणाली, "हलली नाही." टाळ्या वाजत होत्या. मग टिचकी बाहेर आली आणि गुण लागेपर्यंत बाकावर बसली. शेजारी मॅडम होत्या, इस्त्रीच्या कोटात, ताठ. त्यांच्या मांडीवर स्टीलचं झाकण होतं, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

गुण लागले. ती तिसरी आली होती. खालच्या ओळीत लिहून आलं, की वर्षभराच्या शिकवणीसाठी तिची तिथल्याच प्रशिक्षण केंद्रात निवड झाली आहे. बायकोनं ते दोनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे झाकण तिकडंच," काका म्हणाले.

"तिकडंच," बायको म्हणाली आणि तिनं डब्यावर झाकणाऐवजी ठेवलेली बशी उचलली. बशी जरा लहान पडत होती आणि भाजी पार गार झाली होती. दोघांनी ती तशीच खाल्ली, आणि तक्रार कुणीच केली नाही.