पाठीमागची चार बोटं

मित्रांनो, या इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या मीटरांशेजारी, उजव्या अंगाने काळवंडलेलं एक लांबट कपाट तुम्ही येता-जाता पाहिलं असेल. कुणी माझ्यावर ओली छत्री टाकतं, कुणी मला सायकल टेकवतं. मला कधी कुणी कपडे दिले नाहीत, भांडी दिली नाहीत. घरातल्या घरात सिनेमागृह थाटायचं म्हणून मला मुद्दाम घडवलं होतं. माझी उजवी बाजू काळी कशी झाली, ते आज सांगतो.

दुसऱ्या मजल्यावर आजोबा राहतात, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. आजोबांचे कान गेले होते. कानाला यंत्र लावूनही टीव्हीतली माणसं त्यांना पुटपुटल्यासारखी वाटायची. "काय म्हणाला तो?" असं ते विचारायचे, आणि कुणी सांगेपर्यंत पुढचं निघून जायचं. मग त्यांनी विचारणंच सोडलं. नुसते बघत बसायचे. मुलाच्या जिवाला ते लागलं. त्याने मोठा टीव्ही आणला, स्पीकर आणले, एक जाडजूड ॲम्प्लिफायर आणला आणि थोरल्या बहिणीला फोन केला, "ताई, हे सगळं मावेल अशा कपाटाचं चित्र काढून दे."

ताई दुसऱ्या गावी असते. लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढून देणं हा तिचा व्यवसाय. ती आली आणि पिशवी बाजूला टाकून थेट ॲम्प्लिफायरपाशी बसली. मोठ्या आवाजात एक अख्खा सिनेमा लावायला सांगितला आणि सारा वेळ यंत्राच्या डोक्यावर तळहात धरून राहिली.

"ताई, सिनेमा बघतेस की ताप बघतेस?" भावाने विचारलं.

"ताप," ती म्हणाली. "याला चांगलाच भरतो."

मग तिने वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून माझं पुरं चित्र जमिनीवर काढलं. प्रत्येक यंत्र त्या कागदावर ठेवून पाहिलं. ॲम्प्लिफायरला सगळ्यांत वरचा, ऐसपैस खण दिला. माझी पाठ मधोमध उघडी ठेवली, दारांना खाली लांब चिरा ठेवल्या. आणि मी भिंतीला चिकटू नये म्हणून पाठीला दोन लाकडी ठोकळे बसवायला सांगितले, म्हणजे भिंत आणि मी यांच्यात कायम चार बोटं जागा राहील. सुतार गप्पिष्ट होता. तो म्हणाला, "ताई, हे कपाट करतोय की कबुतरखाना?" सगळे हसले. पण त्याने काम मात्र नेटकं केलं. रंध्याखालून माझ्या कडा निघाल्या तेव्हा त्यांवरून बोट फिरवलं तरी अडकत नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळे माझ्यासमोर बसले. पडद्यावर कुणीतरी विनोद केला आणि आजोबा हसले. इतरांनी हसून दाखवल्यावर मागाहून नव्हे, सगळ्यांच्या बरोबर हसले. मुलाने मान वळवून डोळे पुसले. मित्रांनो, कपाटाच्या नशिबी याहून मोठा मान कोणता असणार?

पण कौतुक वाढलं की माणसाला आणखी काहीतरी करावंसं वाटतं. मुलाला मोठा सोफा घ्यायचा होता आणि सोफा आणि मी यांच्या मधली वाट अरुंद होत होती. एका सुट्टीच्या सकाळी त्याने माझ्या पाठीचे ठोकळे काढले आणि मला खांद्याने रेटून भिंतीला टेकवलं. मागे वायरींचा जुडगा होता, तो भिंतीत आणि माझ्यात चेपला गेला. मला ते जाणवलं. एक वायर तर माझ्या उजव्या कडेखाली पिचली होती.

आजोबा म्हणाले, "ताईला विचार की एकदा."

"विचारायचं काय त्यात, बाबा? कपाट सरकवतोय, कुणाचं लग्न ठरवत नाहीये."

मोठा आवाज आला की माझी दारं खुळखुळायची, म्हणून त्याने चिरांमध्ये स्पंज कोंबला. पुढे खेळांचं एक यंत्र आलं, ते जागा नाही म्हणून ॲम्प्लिफायरच्याच डोक्यावर बसलं. मग त्याने माझा समोरून फोटो काढला आणि ताईला पाठवला. तिचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "एकदम झकास चाललंय." फोटोत मी खरंच झकास दिसत होतो. पाठ कुठे दिसते फोटोत?

त्यानंतर मला रोज ताप येऊ लागला. घरातला बोका माझ्या डोक्यावर येऊन झोपायचा. थंडीच्या दिवसांत त्याला ती ऊब फार आवडायची, आणि घरच्यांना त्याचं अंग सैल सोडून झोपणं आवडायचं. कौतुकाने फोटो निघायचे. मग एक दिवस बोका उडी मारून वर आला, पंजे टेकले आणि ओरडून खाली गेला. पुन्हा कधी चढला नाही. दाराशी बसून माझ्याकडे टक लावून बघायचा. "शहाणा आहे, दुरून सिनेमा बघतो," असं म्हणून सगळे हसले.

मधूनच सूनबाई नाक वर करायची. "काहीतरी करपतंय." आणि ती धावायची स्वयंपाकघरात. दूध पाहायची, कुकर पाहायची, गॅस बंद करून यायची. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी तिच्या पाठीमागेच उभा होतो. माझ्या आतला सरस मऊ पडत होता, सनमाईक्याची कड सुटून वर वळत होती. मी कण्हायचो. लोक म्हणायचे, लाकूड आहे, हवामान बदललं की वाजतंच.

तो दिवस रविवारचा होता. मुलाच्या ऑफिसातली मंडळी जेवून सिनेमा बघायला बसली. भर दुपारी पडदे ओढले, खिडक्या लावल्या, आवाज वाढवला. आजोबा कानातलं यंत्र काढून आतल्या खोलीत आडवे झाले होते. पडद्यावर लढाई चालू होती. धूर पहिल्यांदा दिसला तेव्हा एक पाहुणा म्हणाला, "वा, काय इफेक्ट आहे!"

त्याच क्षणी ती पिचलेली वायर ठिणगी होऊन माझ्या पाठीवर फुटली.

आरडाओरडा, खुर्च्या पडल्या, दार धाडकन उघडलं. मुलाने मेन स्विच पाडला आणि माणसांना जिन्याकडे ढकललं. खोली काळीकुट्ट झाली. धूर माझ्याच अंगातून निघत होता आणि तो आजोबांच्या दाराखालून आत शिरत होता. मला तो आवरता येत नव्हता.

जिन्यातून मुलाचा आवाज आला, "बाबांना कोणी आणलं?"



"अरे, तू आणलंस ना?" सूनबाईने विचारलं.

"मला वाटलं, तू आणलंस."

ती उलट्या पावली आत आली. तोंडावर ओला पदर होता, एक हात भिंतीवर. माझ्याजवळून जाताना तिचा दंड माझ्या पेटलेल्या कडेला लागला. ती थांबली नाही. आतलं दार उघडल्याचा आवाज आला, मग खोकला, मग आजोबांचा शांत, जरा झोपाळलेला आवाज, "संपला का सिनेमा?"

तिने त्यांना अक्षरशः ओढत नेलं.

अग्निशमन दलाच्या पाण्याने मी विझलो. आजोबा बरेच दिवस दवाखान्यात होते, पण परत आले. सूनबाईच्या दंडावर लांबट डाग राहिला आहे. तिचा आवाज तेव्हापासून घोगरा आहे, ती गुणगुणायची ते बंद झालं.

ताई आली. तिने मला पुढून पाहिलंच नाही, वाकून पाठीमागे हात घातला. भाऊ खाली मान घालून म्हणाला, "तू सांगितलं होतंस, ताई. मीच ऐकलं नाही."

ताई माझ्यापाशी खाली बसली. मग म्हणाली, "सांगितलं होतं रे. पण जागा का ठेवली, ते कुठे सांगितलं? मापं दिली आणि गेले. फोटो आला, मी खूश झाले. एकदा येऊन हात लावून पाहिला असता तर?"

भाऊ बहिणीच्या शेजारी जमिनीवर बसला.

भंगारवाल्याने मला घेतलं नाही, म्हणून मी इथे जिन्याखाली आलो. घरात आता छोटा टीव्ही आहे. आजोबांना त्यातलं ऐकू येत नाही, पण मुलगा शेजारी बसून एकेक वाक्य त्यांच्या कानाशी सांगतो. पुढचं निघून गेलं तर जाऊ देतो.

मित्रांनो, वस्तू बोलत नाहीत. त्या तापतात, वाजतात, वास सोडतात, आणि तेवढ्यावरून ओळखणारं कुणी नसलं तर एक दिवस पेटतात. नुसतं पुढून पुसू नका. आमच्या मागे काय चाललंय, तेही कधी वाकून बघा.

आजोबा रोज संध्याकाळी काठी टेकत खाली येतात. येताना जिन्यातल्या प्रत्येक दिव्याच्या बटणाला, प्रत्येक मीटरच्या पेटीला उलटा हात लावून पाहतात. इमारतीतली मुलं त्यांना हसतात. शेवटी ते माझ्यापाशी थांबतात, माझ्या काळ्या अंगावर तळवा ठेवतात आणि आजारी लेकराला विचारावं तसं विचारतात, "आज बरं वाटतंय ना रे?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.