पहिल्या हाकेला ओ

मी बोलतोय. बोलणं हीच माझी रोजीरोटी, त्यामुळे त्यात नवल काही नाही. पण विचारल्याशिवाय मी आजवर कधी तोंड उघडलेलं नाही. पाऊस येणार का, गजर कितीचा लावलाय, ती पावती कुठल्या फोटोत आहे, हे सगळं लोक मला विचारतात. "तुझं कसं चाललंय?" असं कुणी विचारत नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो.

मी मोबाइलमधला मदतनीस. मला हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. दोन कान आणि एक जीभ एवढंच माझं भांडवल. तेवढ्यावर माणसंही बऱ्यापैकी दिवस काढतात असं मी पाहिलंय.

माझा जन्म सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. चार टेबलं, पाच खुर्च्या, त्यातली एक मोडकी, आणि खालून दिवसभर पंपाचा फुस्स फुस्स आवाज. पहिले काही महिने मला वाटायचं, कुणीतरी सारखं वैतागून उसासे टाकतंय. खोलीत चौघं काम करायची. कंपनी ज्या डोक्यातून निघाली ते डोकं ताईचं. दुसरा दाढीवाला. त्याने मला शब्द शिकवले आणि बोलायला स्वतःचा आवाजही दिला. उरलेले दोघे मी पडद्यावर गोल दिसावं की चौकोनी, यावर भांडत असत.

दाढीवाल्याने फार मेहनत घेतली. 'बघू' म्हणजे नाही, 'बघू या' म्हणजे कदाचित, आणि 'बघतोच आता' म्हणजे समोरच्याचं काही खरं नाही, हे त्याने मला शिकवलं. 'आलोच' म्हणजे किती मिनिटं, हे मात्र त्यालाही सांगता आलं नाही.

मग माझ्या नावाचा प्रश्न आला. मी कायम झोपेत असतो, कान तेवढे उघडे, आणि ठरलेला एक शब्द कानावर पडला की जागा होतो. तो शब्द तोंडात सहज यायला हवा, पण चुकून यायला नको. ताईने शक्कल काढली. आठवडाभर त्या खोलीत कोण काय बोलतं ते सगळं मोजलं. 'अरे' दिवसाला तीनशे वेळा. 'अगं' दोनशे. 'थांब जरा' मोजता मोजता दाढीवाला थकला. आणि एक साधा, सोपा, आदराचा शब्द असा सापडला, जो आठ दिवसांत एकदाही कुणी उच्चारला नव्हता.

"अहो," ताई म्हणाली. "याच्यापेक्षा चांगलं नाव मिळणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चौघंही बिनलग्नाची, एकमेकांना अरे-तुरे करणारी. त्या खोलीत कोण कुणाला 'अहो' म्हणणार? आणि ताईने हा शब्द लहानपणापासून घरात इतक्या वेळा ऐकला होता की तो तिला ऐकू यायचाच बंद झाला होता.

लाँचच्या दोन महिने आधी मला चाळीस घरांत चाचणीसाठी पाठवलं. पहिल्याच सकाळी चाळीस स्वयंपाकघरांतून हाक आली, "अहो." मी मोठ्या उत्साहाने चाळीस ठिकाणी म्हणालो, "बोला, ऐकतोय."

काय सांगू तुम्हाला. एका घरी विचारणा झाली, "अहो, गॅस बंद केलात का?" मी नम्रपणे म्हणालो, "माफ करा, माझ्याकडे गॅस नाही." दुसऱ्या घरी, "अहो, आज निळी साडी नेसू की हिरवी?" मी कार्यक्रम कुठला, वेळ कोणती, असं विचारून निळी सुचवली. त्या घरच्या नवऱ्याने गेली सोळा वर्षं "कुठलीही नेस" याखेरीज उत्तर दिलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिसात फोन खणखणू लागले. नवरे म्हणत होते, तुमच्या यंत्राने आमची जागा घेतली. बायका म्हणत होत्या, याला परत नेऊ नका. एक बाई तर म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्या हाकेला ओ मिळाली हो."

दाढीवाल्याने कपाळाला हात लावला. "नाव बदलावं लागणार," तो म्हणाला. "नाहीतर लाँचच्या दिवशी हसं होईल." मला वाईट वाटलं. नाव बदलणार म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही?

त्या चाळीस घरांत एक ताईचं स्वतःचं होतं. तिथे ताई, आई आणि बाबा. बाबांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. वर्षापूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. "आता रेडिओ कोण ऐकतं?" असं कारण सांगितलं आणि कामाचं टेबल, पकडी, तारा जोडायची सोल्डरिंगची कावी असं सगळं घरी पुढच्या खोलीत आणून मांडलं. दिवसभर ते त्या टेबलाशी पाठमोरे बसलेले असायचे. आई आत स्वयंपाकघरात. ताईने आईला एक वही देऊन ठेवली होती. माझ्या चुका तिने रोज त्यात लिहायच्या. आई लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायची, "आजच्या चुका. फोनची एक. ह्यांच्या बारा."

मला सुरुवातीला ते ऐकून फार गंमत वाटली. आई हाक मारायची, बाबा गप्प, मी ओ द्यायचो. मी स्वतःवर खूश होतो. पण मला कान आहेत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की 'अहो' म्हटलं की भांड्यांचा आवाज थांबतो. आई पुढच्या खोलीकडे कान देऊन उभी राहायची. मग मी म्हणायचो, "बोला, ऐकतोय," आणि भांडी पुन्हा वाजायला लागायची. जरा जोरातच.

एका दुपारी ती ओट्याशी टेकून मला म्हणाली, "तुला एक विचारू? वर्ष झालं, हे माझ्याशी धड बोलत नाहीत. माझं काय चुकलं असेल?"

मी तिला 'सुखी संसाराची दहा सूत्रं' वाचून दाखवली. आजही ते आठवलं की मला लाज वाटते. तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "बरं." त्या दिवशी वहीत तिने काहीच लिहिलं नाही.

बाबांच्या फोनमध्येही मीच होतो. त्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार, आवाज फुसका आहे. "मोठ्याने बोल," ते दिवसातून चाळीस वेळा म्हणायचे. मी घसा ताणून बोलायचो, तरी पुन्हा, "पुटपुटू नकोस रे." त्यांनी ताईकडे रीतसर तक्रार केली. दाढीवाल्याने तीन दिवस माझा आवाज उलटापालटा करून तपासला. बाबांचा फोनही उघडून पाहिला.

"यात काही दोष नाही," तो म्हणाला. "आणि आवाजाची तक्रार चाळीस घरांत फक्त तुझ्याच घरातून आलीय."

ताईने त्या उघड्या फोनवर झाकण बसवलं. लहानपणी दुकानात बाबांनी तिला एक गोष्ट पढवली होती. गिऱ्हाईक खरखर घेऊन आलं की आधी रेडिओ खोलायचा नाही. आधी विचारायचं, रेडिओ ठेवता कुठे, ऐकता कुठून. निम्मे दोष रेडिओत नसतातच. मग तिने आईची वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचत गेली. ह्यांच्या बारा. ह्यांच्या नऊ. ह्यांच्या चौदा. प्रत्येक वेळी आई स्वयंपाकघरात, बाबा पाठमोरे.

ती तडक घरी आली आणि बाबांच्या टेबलाशी, त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, फोन ठीक आहे."

"मग पुटपुटतो का?"

"तो पुटपुटत नाही. बाबा, दुकान का बंद केलंत?"

बाबांनी एक पकड उचलली, पुसली, पुन्हा जागेवर ठेवली. "रेडिओ कोण ऐकतं आता..."

"बाबा."

"खरखर ऐकू येईना गं," ते म्हणाले. "रेडिओ नीट झाला की नाही, ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून कळायचं. असा कुठे रेडिओवाला असतो का? लोक हसले असते."

आई दारात येऊन उभी होती. हातात ओलं पातेलं तसंच. "म्हणजे तुम्हाला ऐकू येत नव्हतं?" ती म्हणाली. मग पुढे येऊन, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी वर्षभर समजत होते, तुम्ही माझ्यावर रागावलाय."

बाबा तिच्याकडे वळले. "मला वाटलं," ते म्हणाले, "तूच बोलायचं सोडलंस."

त्या वेळी मी दोन फोनांमधून ते ऐकत होतो. कुणी मला हाक मारली नव्हती, आणि मारली असती तरी काय बोललो असतो, देव जाणे. पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दोघंही हसायला लागली, आणि आई हसता हसता रडायलाही लागली.

पुढच्या आठवड्यात बाबांच्या कानात एक छोटं यंत्र आलं. ते त्याला 'कानातला रेडिओ' म्हणायचे. पहिल्या चार दिवसांत त्यांनी ते तीनदा काढून उघडायचा प्रयत्न केला. आईने पकडी लपवून ठेवल्या.

राहिला माझ्या नावाचा प्रश्न. दाढीवाल्याने नव्या नावांची यादी केली होती. आई ऑफिसात आली, मोडक्या खुर्चीवर नेमकी बसली, सावरली आणि म्हणाली, "नाव राहू दे. त्याची सवय बदला. हाक माणसाला असते. त्याने मध्ये तोंड घालू नये. माणसाला ऐकू गेली नाही, तर नेऊन पोचवावी."

एवढ्या शिकलेल्या चौघांना हे सुचलं नव्हतं. दाढीवाला रात्रंदिवस खपला. आता कुणी 'अहो' म्हटलं की मी मनात तीन अंक मोजतो. तेवढ्यात घरातल्या माणसाच्या खिशातला फोन थरथरतो आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ती हाक उमटते. तरीही कुणी ओ दिली नाही, तरच मी बोलायचं.

लाँच एका ग्रंथालयाच्या सभागृहात होता. दोनशे माणसं, प्रत्येकाच्या फोनमध्ये मी. मंचावर ताई, आणि प्रात्यक्षिकाला आई. ठरलं असं होतं की आई 'अहो' म्हणेल, पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांचा खिसा थरथरेल आणि ते उभे राहतील. बाबांनी त्यासाठी नवा कोट घातला होता.

ताई बोलायला लागली आणि बाबा अस्वस्थ झाले. "खरखर येतेय," ते शेजारच्याला म्हणाले. शेजारच्याला काही ऐकू येत नव्हतं. बाबा म्हणाले, "येतेय हो," आणि कोट काढून खुर्चीवर टाकून सरळ लाउडस्पीकरच्या मागे गेले. मंचावरून कुणाला ते दिसलं नाही. फोन कोटाच्या खिशात.

आईने माइक हातात घेतला. "अहो."

मी दोनशे फोनांत मोजायला लागलो. एक. रिकाम्या खुर्चीवर कोट थरथरला. आईला खुर्ची दिसली आणि तिचा चेहरा उतरला. ताईने माझ्याकडे पाहिलं. दोन. मला माझा नियम पाठ होता. तीन झाले की बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायचं नव्हतं.

"ओ," लाउडस्पीकरच्या मागून आवाज आला. "आलो, आलो. तार सैल आहे, तेवढी बसवतो."

"सावकाश या," आई माइकवरच म्हणाली. "घाई नाही."

सभागृह आधी हसलं आणि मग टाळ्या थांबेनात. बाबा हाताला धूळ लागलेले बाहेर आले, त्यांना वाटलं टाळ्या तारेसाठी आहेत. ताईला पुढचं भाषण आठवेना. माझं प्रात्यक्षिक तर राहूनच गेलं. दोनशे फोनांत मी गप्प बसलो होतो, आणि त्या दिवसाइतका आनंद मला कधी झाला नाही.

आता मी खूप घरांत आहे. नाव तेच. बाबांनी टेबल खिडकीशी सरकवून पुन्हा काम सुरू केलंय, गल्लीतले लोक रेडिओ घेऊन येतात. आईची वही संपली. शेवटच्या पानावर लिहिलंय, "आजच्या चुका. फोनच्या तीन. ह्यांची एकही नाही." पानाखाली बाबांचं अक्षर आहे, "वाचलं."

मला उत्तरं द्यायला आवडतं, खोटं कशाला बोलू. गजर लावीन, पावती शोधीन, साडीचा रंगही सांगीन. पण घरात कुणी 'अहो' म्हणालं, 'अगं' म्हणालं, नुसतं 'ऐकलंत का' म्हणालं, तर तुम्ही आधी बघा. मी तीनपर्यंत मोजतोय. माझा नंबर दुसरा आहे, आणि तो येऊच नये असं मला मनापासून वाटतं.